खानापुरात दर्शनी भिंतीला पांढरा शिरांचा मार्बल चालेल का?

प्रश्न : जांबोटी रोड
खानापूरजवळ घर बांधतोय. स्लॅब झालाय, गिलावा दिवाळीनंतर. घरच्यांना पांढऱ्यावर करड्या शिरांचा मार्बल मनापासून आवडलाय. समोरची भिंत दोन्ही मजले आणि देवघराची मागची भिंत, असा विचार आहे. इंजिनिअर म्हणतात इटालियन स्टॅच्युरिओ लावा. गवंडीमामा म्हणतात, "नको ओ, पावसात टिकायचा न्हाई." कुणाचं ऐकू?

उत्तर : निपाणीकर
आम्ही पोर्चच्या खांबांना गुजरातच्या मोरबीची तशाच नक्षीची टाइल लावली. पाच पावसाळे झाले, एक डाग नाही. फक्त तीच शीर दर तिसऱ्या टाइलवर दिसते. एकदा डोळ्यात भरली की दिसतच राहते.

उत्तर : वडगावचा फरशीवाला
दादा, बावीस वर्षं हेच काम करतोय. गवंडीमामांचं ऐका.

धाकट्या बहिणीच्या घराला मीच समोरून पांढरा मार्बल लावला होता, नंदगडला. तेव्हा साध्या सिमेंटात बसवला आणि वरच्या पाट्यांना लोखंडी क्लिपा मारल्या. पहिल्याच पावसाळ्यात सिमेंटचा करडेपणा आतून वर आला. दुसऱ्या वर्षी क्लिपा गंजून पिवळे ओघळ उतरले. खाली दोन फूट तांबड्या मातीचे शिंतोडे बसले ते ब्रशनं घासूनही गेले नाहीत. शेवटी सगळं उतरवून दिलं. बहीण एक शब्द बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मार्बल म्हणजे कॅल्साइटचे कण. ऊन लागलं की ते एका दिशेला फुगतात, दुसऱ्या दिशेला आकसतात. असं वर्षानुवर्षं झालं की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, पाणी शिरतं आणि पातळ पाटी वाकते. शिकागोच्या अमोको इमारतीला १९७३ मध्ये इटलीचा करारा मार्बल लावला होता, तो वाकला म्हणून १९९२ पर्यंत सगळा काढून ग्रॅनाइट बसवावा लागला. समोरच्या भिंतीला आपला इलकलचा ग्रॅनाइट घ्या.

देवघराला मात्र मार्बल जरूर लावा, तिथं तो खुलतो. बुकमॅच मागा. एकाच दगडातून लागोपाठ कापलेल्या दोन पाट्या पुस्तकासारख्या उघडल्या की शिरा मधोमध येऊन मिळतात. पण थेट भिंतीला लावू देऊ नका. आधी अंगणात पोती अंथरून सगळ्या पाट्या आडव्या मांडायच्या. सकाळच्या उन्हात पाणी शिंपडलं की शीर नीट दिसते, बारीक चीर असेल तर तीही दिसते, कारण पाणी वाळताना चिरेवर ओली रेघ मागं राहते. जुळणी पटली की मागून खडूनं नंबर, मग मोबाइलवर फोटो. कापायचं मशीन त्यानंतर. बसवायला पांढराच ॲडेसिव्ह. अठरा मिमीची पाटी चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरते, म्हणून डोक्याच्या वर जाणाऱ्या पाट्यांना स्टेनलेस स्टीलच्या पिना हव्यातच.

प्रश्न : जांबोटी रोड
पटलं. घरच्यांचा एकच प्रश्न आहे, मग ताजमहाल कसा टिकला?

उत्तर : वडगावचा फरशीवाला
वहिनींचा प्रश्न बरोबर आहे. तो राजस्थानातल्या मकराण्याचा दगड. घट्ट, पाणी फार कमी पितो. आग्र्याचा पाऊसही जांबोटीसारखा नाही. तरी तो पिवळा पडतोच, म्हणून पुरातत्त्व खातं त्याला मुलतानी मातीचा लेप देतं. देवघराला मकराणा मिळाला तर बघा, पण त्यात स्टॅच्युरिओसारखी ठळक शीर कमीच मिळते.

आणि समई भिंतीपासून हातभर पुढं, काळ्या ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर ठेवा. तेल मार्बलमध्ये मुरलं तर सहजासहजी निघत नाही. लिंबू-चिंचेनं पुसू नका, पॉलिश तिथल्या तिथं मरते. साध्या पाण्याचं ओलं फडकं पुरे.