रंग बदलणारी एलईडी लावल्यापासून निऑन टेट्रा लपूनच बसतात

नाशिककर_टँक:
नमस्कार मंडळी. दोन फुटी फिश टँक आहे, निऑन टेट्रा माशांचा छोटा थवा, झाडं म्हणजे मागे वॅलिसनेरिया आणि लाकडाला बांधलेली अनुबियास. जुनी पांढरी ट्यूब गेली म्हणून दुकानदाराने रिमोटवाली आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडी दिली, ऑटोवर टाकली की लाल हिरवा निळा जांभळा असं सारखं फिरत राहतं. मुलांना जाम आवडलीये, सकाळी शाळेच्या आधीपासून रात्री जेवणं होईपर्यंत चालूच असते. पण आता टेट्रा लाकडामागे दाटीवाटीने बसतात, खायला टाकलं की तेवढे बाहेर येतात, आणि पातींवर हिरवं शेवाळ चढतंय. लाईटचाच दोष आहे का? काढून टाकू?

टेट्रावेडा:
काढू नका, आधी ऑटो मोड बंद करा. माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोयच नाही, त्यामुळे उजेड झपकन बदलला की बिचकतातच बिचारे. त्यात निऑन मूळचे अमेझॉन खोऱ्यातले, झाडांच्या सावलीतल्या गडद तपकिरी पाण्यात राहणारे, त्यांना मंद उजेडच मानवतो. ब्राइटनेस कमी करा आणि वर थोडी तरंगणारी साल्विनिया सोडा. रात्री पूर्ण अंधार पाहिजेच. आणि सकाळी लाईट लावल्यावर फिकट दिसले तर आजारी पडले असं समजू नका, अंधारात निऑनचा रंग उतरतो, थोड्या वेळाने अंगावरचा पट्टा परत चमकतो.

पाणवनस्पती_पुणे:
शेवाळाचं कारण रंगापेक्षा तास आहेत हो. सकाळ ते रात्र म्हणजे १४ तास तरी झाले, तुमच्या झाडांना ६ ते ८ तास भरपूर होतात, उरलेला उजेड शेवाळच खातं. सोबत खाणं जरा कमी टाका आणि आठवड्याला पाव टँक पाणी बदला.

दुसरं म्हणजे लाईट बंद करून एलईडीची पट्टी जवळून बघा. ज्या चिपवर पिवळा थर दिसतो ती खरी पांढरी, आत निळी एलईडी असते आणि वरच्या पिवळ्या थरामुळे उजेड पांढरा पडतो. पारदर्शक चिपमध्ये तीन बारीक ठिपके दिसले तर ती आरजीबी. फक्त आरजीबीच असेल तर तिन्ही रंग एकदम पेटवून जो पांढरा होतो त्यात मधले रंग नीट नसतात, झाडं जगतात पण पानं आणि मासे विचित्र दिसतात. दिवसा ६५०० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा लावा, अनुबियास तर कमी उजेडातही मजेत राहते.

गप्पीवाला:
वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण रंगांना एवढं वाळीत टाकू नका, टँक आपण बघायलाच ठेवतो ना. संध्याकाळी मुलं बसतात तेव्हा एकच रंग स्थिर ठेवून तासभर मंद निळा लावला तर माशांचं काही बिघडत नाही, फक्त तो तास त्या ८ तासांतच धरा आणि नाईट लॅम्प म्हणून रात्रभर चालू ठेवू नका.

वायरमन_सांगली:
टायमर लावणार असाल तर एक बघून घ्या. लाईट जाऊन आली की बरेच स्वस्त कंट्रोलर शेवटची सेटिंग विसरतात आणि परत फिरत्या रंगांवर जातात, काही तर बंदच राहतात. प्लगचा टायमरही वीज तोडूनच चालतो, म्हणजे रोज तेच होणार. एकदा प्लग काढून परत लावून बघा, कळेल. आणि अडॅप्टरची वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. पट्टी पाण्यात बुडणारी असेल तर आयपी ६८ (पाण्यात बुडवली तरी चालते याची खूण) लिहिलेलं पाहिजे.

नाशिककर_टँक:
आत्ताच प्लग काढून लावला, परत लाल-हिरवा सुरू झाला! पिवळ्या चिपा आहेत मात्र एका ओळीत. म्हणजे पट्टी तीच ठेवून नुसता कंट्रोलर बदलता येईल का?

वायरमन_सांगली:
येईल, पट्टी आणि अडॅप्टरचे व्होल्ट सारखे बघा, बहुतेक १२ असतील. पांढऱ्याची वायर वेगळी आली असेल तर पाच वायरींचा आरजीबीडब्ल्यू (डब्ल्यू म्हणजे पांढरा) कंट्रोलर घ्या, चार वायरींवाला चालणार नाही. पिनचा फोटो टाका इथे, सांगतो.