अ‍ॅक्सिडेंट क्लेमला वकिलाला टक्केवारी द्यायची का? (सांगली-सातारा)

वारणाकाठ
आमचा मेव्हणा गवंडी काम करतो, वय 28. फेब्रुवारीत पेठ-सांगली रस्त्यावर रात्री उभ्या उसाच्या ट्रॉलीला त्याची गाडी धडकली, ट्रॉलीला मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी एका वकिलाचा माणूस आला आणि सलाईन चालू असताना कोऱ्या वकीलपत्रावर सही घेऊन गेला, आता म्हणतात मिळेल त्यातले 25 टक्के आमचे. माझं म्हणणं स्पष्ट आहे, हे देऊ नये. बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था) नियमात निकालावर ठरणारी फी आणि भरपाईत वाटा दोन्हीला बंदी आहे. गुडघा त्याचा मोडलाय, परांचीवर तो चढू शकत नाही, पैसा त्याचा आहे.

मिरजकर७७
दादा नियम मलाही माहीत आहे, पण ज्याच्या घरात दवाखान्याचं बिल भरायला सोनं गहाण पडलंय त्यानं आधी रोख फी आणायची कुठनं? आमच्या चुलत्यांच्या केसला ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला साक्षीला आणायचा खर्च वकिलानं स्वतः केला, तारखांना आम्ही कंटाळलो पण तो कंटाळला नाही, कारण त्याचाही टक्का त्यात अडकलेला होता. तुमच्या केसमध्ये तर इन्शुरन्सवाले पहिल्या दिवशीच म्हणणार की मागून धडकला म्हणजे चूक ह्याचीच, शिवाय ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही हा वाद वेगळाच. असल्या केसला जीव लावून भांडणारा माणूस पाहिजे. गरिबाला टक्केवारी हाच रस्ता उरतो, बंदी कागदावर ठेवून त्याचं पोट भरत नाही.

वारणाकाठ
हिशोब करून बघा की. महिन्याला 15 हजार कमाई धरली आणि कमाईची ताकद 20 टक्के गेली असं कोर्टानं धरलं तर वर्षाचे 36 हजार, 26 ते 30 वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्यानं गुणायचं तो आकडा, 17 लागतो (सुप्रीम कोर्टाचा सरला वर्मा निकाल, 2009), म्हणजे 6 लाख 12 हजार, दवाखान्याचा खर्च आणि वेदनांचे वेगळे. त्यातले दीड लाख वकिलाला? एवढ्यात त्याच्या पोरीची कितीतरी वर्षांची फी निघते.

माणदेशी_ताई
त्या 20 टक्क्यावरच भांडा भाऊ, कारण खरी रक्कम तिथं ठरते. सिव्हिल हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटवर पायाचं जे अपंगत्व येतं ते आणि कमाईचं नुकसान ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, सुप्रीम कोर्टानं 2011 च्या राजकुमार केसमध्ये तेच सांगितलंय. ऑफिसात बसणाऱ्याला तोच गुडघा कमी नडतो, गवंड्याला सगळाच नडतो. तेव्हा ठेकेदाराची साक्ष लावा, हजेरीची वही असेल तर ती आजच ताब्यात घ्या. आणि वकीलपत्र दिलंय म्हणून जन्माचं बांधले गेलात असं नाही, त्या वकिलाकडं एनओसी (ना हरकत पत्र) मागा, नाही दिली तर कोर्टात अर्ज देऊन वकील बदलता येतो.
मिरजकर दादा, रोख नसेल तर टक्केवारीच, हे मला पटत नाही. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं मोफत वकील मिळतो. बाईमाणसाला तर उत्पन्न न बघता मिळतो, अपंग व्यक्तीलाही. माझ्या बहिणीची केस साताऱ्यात तशीच चालली, वकीलबाई प्रत्येक तारखेला हजर असायच्या.

मिरजकर७७
ताई तुमच्या बहिणीला चांगल्या मिळाल्या, पण प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या (यादीतल्या) वकिलाला मानधन किती मिळतं हेही बघा, सगळेच तेवढा वेळ देतील ह्याची खात्री कोण घेणार? आमच्या शेजाऱ्यांची केस तशीच रखडली, शेवटी वैतागून लोकअदालतीत मिटवली.

कोरेगावकर
मिटवलं तर बिघडलं काय? वर्षानुवर्षं हायकोर्टापर्यंत अपिलं चालतात, त्यापेक्षा हातात आलेला पैसा बरा. माझ्या मते तर तडजोडच करा.

माणदेशी_ताई
काका, लोकअदालतीत सही झाली की त्यावर अपील नाही, एवढं लक्षात ठेवूनच जावं. पाय अजून दुखतोय, दुसरं ऑपरेशन लागेल का माहीत नाही, अशा वेळी कंपनीनं टाकलेल्या पहिल्या आकड्यावर सही करणं मला घातक वाटतं. हाड जुळून डॉक्टरनं शेवटचं सर्टिफिकेट देऊ दे, मग बसा तडजोडीला.

वारणाकाठ
भरपाईचा अर्ज मात्र थांबवून चालणार नाही. एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे आणि आमचे चार महिने होत आले. पंचनामा, फिर्याद, ट्रॅक्टरच्या पॉलिसीची कॉपी आणि ट्रॉलीचे फोटो मी गोळा करतोय, पंचनाम्यात रिफ्लेक्टर नसल्याचा उल्लेख आहे हे नशीबच. सोमवारी वकीलपत्र परत मागणार आणि विजयनगरला कोर्टात प्राधिकरणाच्या ऑफिसात जाणार.

मिरजकर७७
जावा, मी अडवत नाही. माझं मत बदललेलं नाही, पण प्राधिकरणाचा घ्या नाहीतर फी ठरवून घेणारा घ्या, डॉक्टरच्या साक्षीचा खर्च कोण करणार ते पहिल्याच भेटीत लिहून घ्या. आमच्याकडं केस तिथंच अडली होती.