विषय: कोल्हापूरच्या वर्गातल्या फाईल्स हजेरीपटाशी जुळवायच्या आहेत, मदत हवी

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरला परत येऊन शिकवायला लागले तरी ही मेलिंग लिस्ट सोडलेली नाही, आणि आज तुमच्याकडेच काम आहे. आमच्याकडे असाइनमेंट गूगल फॉर्मवरून येतात. मुलं शहरातली तशीच राधानगरी, गगनबावडा, गारगोटीकडून एसटीनं येणारी. फाईलचं नाव कुणी ‘असाइनमेंट फायनल’ ठेवतं, कुणाच्या नावात कॅमस्कॅनरनं घातलेली नुसती तारीख असते, तर कुणाची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरून जशी उतरली तशीच पुढे येते. फॉर्म त्या नावाला अपलोड करणाऱ्या खात्याचं नाव जोडतो खरा, पण खातं कित्येकदा भावाचं नाहीतर वडिलांचं असतं. हजेरीपटात आडनाव आधी, मुलं लिहितात स्वतःचं नाव आधी. आणि वर्गात पाटील किती, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

असाइनमेंट वाचायला हवा तो वेळ कुणाची कुठली हे शोधण्यात जातो, याचं फार वाईट वाटतं. पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिणं थोडंफार येतं. कुणी वाट दाखवेल का?

– राजारामपुरीतून

*

ताई, नमस्कार.

पायथॉनसोबतच येणारं, मजकुराची तुलना करणारं डिफलिब वापरा, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण ते आहे तसं लावू नका. दोन नावं किती सारखी आहेत याचा ते शून्य ते एक असा गुण देतं, आणि जवळची नावं शोधून देणारं त्यातलं फंक्शन मुळात 0.6 च्या वरचं सगळं चालवून घेतं. आता रोमन लिपीत ‘पाटील प्रतीक’ आणि ‘प्रतीक पाटील’ ताडून बघा. माणूस एकच, पण क्रम उलटा असल्यामुळे गुण येतो 0.5, म्हणजे नापास. उलट ‘प्रतीक पाटील’ आणि ‘प्रतीक्षा पाटील’ यांना मिळतात 0.89! मुलाचे मार्क मुलीच्या नावावर.

म्हणून आधी साफसफाई. सगळी अक्षरं लहान करा, अंडरस्कोअर आणि ‘असाइनमेंट’, ‘सेम’, ‘फायनल’ असले शब्द काढून टाका, नावातले शब्द वर्णक्रमानं लावा, मग तुलना करा. स्पेलिंगचे आपले नेहमीचे घोळ आधीच एका रूपात आणायचे: व्ही आणि डब्ल्यू एकच धरा, ‘दीपक’मधले दोन ई आणि एक आय एकच, चौगुले आणि चौगलेही एकच. उच्चारावरून नावं जुळवणाऱ्या साउंडेक्सच्या नादी मात्र लागू नका. ती पद्धत इंग्रजी आडनावांसाठी निघाली, तिचं पहिलं पेटंट 1918 चं. ती पहिलं अक्षर आहे तसंच ठेवते, त्यामुळे ज्ञानेश्वर कुणी डी-एननं लिहिला आणि कुणी जी-वायनं, की तिच्या लेखी ती दोन वेगळी माणसं.

देवनागरीत लिहिलेली नावं असतील तर आणखी एक. कुऱ्हाडे, गोऱ्हे यांतला ऱ कधी एकच चिन्ह असतो, कधी र आणि नुक्ता (खालचा टिंब) मिळून झालेला. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. युनिकोडच्या एनएफसी या ठरावीक रूपात आणलं की दोन्ही एक होतात. अक्षरांमध्ये लपलेले झिरो-विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारी, न दिसणारी चिन्हं) त्यानं जात नाहीत, ते वेगळे काढावे लागतात.

– टोरांटोहून

*

ताई, दादांनी सांगितलेलं पटलं, फक्त एक भर घालतो. प्रत्येक फाईल सुटी जुळवली तर एकाच मुलावर दोन फाईल्स जाऊन बसतील. सगळ्या जोड्या एकदम ठरवणारी हंगेरियन पद्धत आहे, हॅरोल्ड कून यांनी 1955 मध्ये मांडलेली. पायथॉनच्या सायपाय लायब्ररीत हेच काम करणारं फंक्शन तयार मिळतं. एका मुलाला एकच फाईल, आणि एकूण गुण जास्तीत जास्त.

– म्युनिकहून

*

दोघांचेही मनापासून आभार. साफसफाई उद्याच करते.

हंगेरियन पद्धतीबद्दल मात्र माझी हरकत आहे. ती जेवढ्या जोड्या लावता येतील तेवढ्या लावते. समजा प्रतीकनं असाइनमेंट दिलीच नाही, आणि प्रतीक्षानं दिली पण फाईलवर नाव घातलं नाही. तर प्रतीक्षाची ती बिननावाची फाईल कुणाच्या तरी पदरात टाकली जाणार, कदाचित प्रतीकच्याच. न दिलेल्याला मार्क आणि दिलेल्याला शून्य! वर्गात न दिलेली मुलं असतातच, म्हणून जुळवणी फाईलकडून यादीकडे व्हावी, आणि ‘कुणाचीच नाही’ हे उत्तर तिला देता यावं. एका नावावर दोन फाईल्स आल्या तर दोन्ही बाजूला काढून मी स्वतः उघडून बघीन. त्यातली एक पुष्कळदा सुधारून पुन्हा पाठवलेली असते.

ठरवलंय ते असं. फाईलच्या नावात पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) सापडला तर तोच अखेरचा, नावाकडे बघायचंच नाही. नसेल तर नावाचा गुण, पण पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारात ठळक अंतर असेल तरच मान्य. दोन मुलांचं नाव-आडनाव एकच असेल तर वडिलांच्या नावाशिवाय जोडी लावायची नाही. खात्याचं नाव तुलनेतून पूर्ण वगळायचं. उरलेल्या फाईल्सचं पहिलं पान मी वाचणार. ते काम यंत्राकडे द्यायची माझी तयारी नाही, कारण चुकीच्या जोडीचा पत्ता निकाल लागेपर्यंत कुणालाच लागत नाही, आणि गगनबावड्याहून आलेली पोरगी त्यासाठी ऑफिसच्या खिडकीशी भांडायला जाणार नाही, गप्प बसेल.

पुढच्या असाइनमेंटपासून फॉर्ममध्येच पीआरएनची ड्रॉपडाउन यादी घालते, म्हणजे अर्धा प्रश्न तिथेच मिटेल. तोवर कोड लिहून द्यायला कुणाला सवड असेल तर सांगा. खरा हजेरीपट लिस्टवर टाकणार नाही. नावं बदलून पण घोळ तसेच ठेवून एक नमुना यादी करते आणि रविवारी पाठवते.

– राजारामपुरीतून