डिजिपिन आला, पण चाळिसावा मजला कोण दाखवणार?

गिरगावचा जिना:
टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन, म्हणजे प्रत्येक जागेचा दहा अक्षरी डिजिटल कोड, आणला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘आपला कोड काढून ठेवा’चे मेसेज सुरू झाले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: देश एका मोठ्या चौकोनात बसवायचा, त्याचे १६ भाग करायचे, त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा १६, असं १० वेळा. प्रत्येक वेळी एक अक्षर किंवा आकडा. शेवटी हातात येतो साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचा तुकडा. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मंडळींनी टपाल खात्याबरोबर केलेलं काम आहे, डोकं लावलंय यात शंका नाही.

पण यात उंचीला जागाच नाही. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. तिथे चाळिसाव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर आणि बरोब्बर त्याखालचा मीटरबॉक्स, दोघांचा कोड एकच! मुंबईत माणूस हरवतो तो इमारतीत शिरल्यावर. बी विंगची लिफ्ट कुठे, पोडियमवरून जायचं की बेसमेंटमधून? डबेवाल्यांना हे कधीच कळलं होतं. त्यांच्या डब्याच्या झाकणावर इमारतीची खूण असते, तसा मजल्याचा आकडाही असतो. माझ्या मते मुंबईला या कोडचा उपयोग शून्य. या आता अंगावर.

सकाळची स्लो:
जोरदार असहमत. तुमच्याकडे वॉचमन आहे, इंटरकॉम आहे, मजला सांगायला दहा माणसं आहेत. ज्यांच्या गल्लीलाच नाव नाही त्यांचं काय? १०८ ला फोन करून ‘मशिदीच्या मागे, दुसऱ्या बोळात’ सांगून बघा एकदा, तेही घरात कुणी बेशुद्ध पडलेलं असताना.

पार्सलवाला:
मी कुर्ला-साकीनाका पट्ट्यात पार्सल टाकतो. पत्ता येतो असा: अमुक चाळ, नळाजवळ, सुलभच्या मागे. ॲप मला मेन रोडवर सोडून मोकळं होतं, कारण आतले बोळ त्याच्या गावीच नाहीत. मग फोन. ‘मेडिकलपाशी थांबा, पोराला पाठवते.’ पोरगं येईपर्यंत पुढच्या ऑर्डरवाल्याचा तिसरा कॉल. कोड असला तर निदान घर नाल्याच्या अलीकडे की पलीकडे एवढं आधीच कळेल. साहेब, तुम्हाला हे किरकोळ वाटेल. नाल्यावरचा पूल चुकला की बाईक उलटी फिरवायलाही जागा नसते, ढकलत मागे आणावी लागते. आणि मजल्याचं म्हणाल तर माळ्यावरची खोली असली की खालून हाक मारतो. कोणीतरी डोकं काढतंच.

अर्धा उपग्रह:
नाल्याचं पटलं. पण त्या ४ मीटरवर फार विसंबू नका. उघड्या आभाळाखालीसुद्धा मोबाईलचं जीपीएस साधारण ५ मीटर इकडेतिकडे होतं, म्हणजे मैदानात उभं राहूनही शेजारचा चौकोन मिळू शकतो. दाट वस्तीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्याला पोचायला वेळ लागतो आणि फोनला वाटतं उपग्रह आहे त्याहून लांब आहे. चूक आणखी वाढते. कॉटवर बसून काढलेला कोड शेजारच्यांचा निघाला तर भांडू नका. त्यापेक्षा उपग्रहाच्या चित्रात आपलं छप्पर शोधा आणि त्यावर बोट ठेवा.

सकाळची स्लो:
पावसाळ्यात सगळीकडे निळ्या ताडपत्र्या चढतात. त्यात आपलं छप्पर ओळखून दाखवा, वडापाव माझ्याकडून.

शंकेखोर:
पण हा कोड कुठेही दिला की कोणीही दारात येऊन उभं राहील ना?

अर्धा उपग्रह:
कोडमध्ये नाव, फोन काही नसतं, फक्त जागा. तुम्ही नावाशेजारी लिहून वाटत सुटलात तर गोष्ट वेगळी. पण तेच पत्त्याचंही आहे.

जुनं पोस्टकार्ड:
थोडं अवांतर. सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी! एकाच नावाची गावं आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, हा गुंता त्यांना सोडवायचा होता. त्या पिनलाही घर सापडत नव्हतंच. अख्खी धारावी ४०००१७ मध्ये. दादरला रुळांच्या पश्चिमेला ४०००२८, पूर्वेला ४०००१४, म्हणजे पूल ओलांडला की पिन बदलला. पुढचं दार शोधणं पोस्टमनकडे. खातंही डिजिपिन जुन्या पत्त्याच्या जोडीलाच देतंय. पत्ता खोडायचा नाही, खाली एक ओळ वाढवायची. एवढ्यावर शून्य म्हणणं जरा जास्तच झालं, जिनासाहेब.

गिरगावचा जिना:
जोडीला आलेल्या गोष्टी पुढे मानगुटीवर बसतात, हा आपला अनुभव. उद्या फॉर्मवर डिजिपिनच्या चौकटीपुढे लाल चांदणी दिसली की बोला. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. माझी खोली होती त्या चौकोनात आता पार्किंगचा रॅम्प येणार आहे आणि आम्ही ट्रान्झिट कॅम्पात. कोड जागेला चिकटलेला, माणूस भलतीकडेच. बँकेला कुठला देऊ?

पार्सलवाला:
बँकेचं बँक बघेल. ट्रान्झिट कॅम्पात सगळ्या बिल्डिंगी एकसारख्या, नंबर पावसाने धुतलेले. तिथे मला कोड पाहिजेच. आणि तुमच्या शंकेला तोडगा सोपा आहे: प्रत्येक बिल्डिंगीच्या जिन्यापाशी कोड रंगवा आणि खाली मजल्यानुसार रूम नंबर लिहा. कमिटीला सांगा, गणपतीच्या आधी रंगकाम निघतंच.