मदत हवी आहे: उचललेल्या एमएम ५४० ला कुठलं इंजिन, कुठले गिअर?

मंडळी, माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. आत मूळचं प्युजो डिझेल, २११२ सीसी. गाडी चार इंच उचलून ३१ इंची टायर घालायचेत. वापर भोर-वेल्ह्याकडच्या दगडी चढांवर आणि पावसाळ्यात चिखलात, हायवेला फार नाही.

इंजिनाचे तीन पर्याय डोक्यात आहेत. हेच प्युजो नीट बांधून घ्यायचं, २५२३ सीसीचं डीआय (साधं, थेट इंधन फवारणारं डिझेल) बसवायचं, की जुन्या थारचं २४९८ सीसी सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल डिझेल)? सीआरडीईचा २४७ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) फार मोह घालतो, पण त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि सगळं वायरिंग आलं. रानात सेन्सर गेला तर पान्याने काय करणार? म्हणून मन डीआयकडे झुकतंय.

खरी काळजी गिअरची आहे. २८ इंची टायर ३१ झाला की गाडी साधारण दहा टक्के जड गिअरवर गेल्यासारखी होते. म्हणजे क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधले शेवटचे गिअर) यांचं गुणोत्तर ४.८८ असेल तर ते ४.४ सारखं वागणार. ५.३८ घातलं तर मूळचा जोर जवळपास परत येतो. तुमच्यापैकी कुणी हा बदल केलाय का? डीआयच्या टॉर्कला जुना गिअरबॉक्स आणि मागचे अर्धे ॲक्सल टिकतात का? उचलल्यावर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात म्हणे. स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचर घालून कोन सुधारला असेल तर किती अंशांची घातली, तेही सांगा.

इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घेणारच आहे. ज्यांनी रीतसर आरसीवर नोंद करून घेतली, त्यांनी कागदपत्रं कुठली लागली ते कृपया लिहा.