खांद्याचा टेंडन शिवल्यावर दहा वर्षांनी काय?

प्रश्न
मी शिक्षिका असून माझे वय ५८ आहे. उजव्या खांद्याच्या एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटसचा (हात उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूचा) टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, हाडापासून सुटून सुमारे २ सेंटिमीटरची फाट पडल्याचे दिसते. सहा महिने व्यायाम करूनही फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना हात थरथरतो आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली आहे. पहिल्या वर्षाचे अनुभव पुष्कळ ऐकले; शिवलेला टेंडन पुढे किती टिकतो, हे मला विचारायचे आहे.

प्रतिसाद १
माझी शस्त्रक्रिया होऊन नऊ वर्षे झाली. ओले कपडे काठीने वरच्या दांडीवर घालता येणे ही मी ठरवलेली कसोटी होती आणि त्याला आठ महिने लागले. दोन वर्षांनी केलेल्या सोनोग्राफीत शिवणीचा काही भाग उसवल्याचे दिसले, तेव्हा काहीच दुखत नसल्यामुळे मला ते खरेच वाटेना. आजही झोप शांत लागते. पिठाचा डबा फळीवर ठेवायला मात्र डावा हातच पुढे येतो.

प्रतिसाद २
मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरचा अनुभव अपवादात्मक नाही. ब्रिटनमधील २०१७ च्या मोठ्या चाचणीत तपासलेल्या खांद्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत टेंडन पुन्हा फाटलेला होता, तरी त्या रुग्णांनाही आधीपेक्षा बरेच बरे वाटत होते. नॉर्वेतील १०३ रुग्णांच्या चाचणीत, तुमच्यासारख्या ३ सेंटिमीटरपर्यंतच्या फाटींमध्ये, शस्त्रक्रिया आणि निव्वळ व्यायाम यांतला फरक पाच वर्षांनी किरकोळ होता, तो दहा वर्षांनी शस्त्रक्रियेच्या बाजूने वाढला. टाके टेंडनला केवळ धरून ठेवतात, हाडाशी सांधण्याचे काम शरीराचे असते. म्हणून बहुतेक शिवणी उसवतात त्या पहिल्या काही महिन्यांतच. अहवालात स्नायूत चरबी किती शिरली आहे, ते पाहा, कारण ती सहसा मागे हटत नाही. मधुमेह आणि धूम्रपानही शिवणीला मारक ठरतात.

प्रश्नकर्ती
चरबी अगदी कमी आहे. साखर मात्र वाढलेली आहे, ती आधी आटोक्यात आणते. मेच्या सुट्टीत शस्त्रक्रिया केल्यास जूनमध्ये शाळेत जाता येईल का?

प्रतिसाद २
हात झोळीत साधारण सहा आठवडे राहील, त्यामुळे जूनच्या अखेरीस वर्गात बसून शिकवता येईल. फळा दिवाळीनंतर.