मदत हवी आहे: पुस्तकावरून येणाऱ्या क्रीडापटाला ऑस्करच्या कोणत्या विभागात धरावे?

नमस्कार मंडळी,

आमच्या चित्रपटप्रेमी मित्रमंडळात दर वर्षी ऑस्करच्या अंदाजांचा तक्ता तयार होतो आणि यंदा तो भरण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यातल्या एका नोंदीपाशी मी अडलो आहे. एका धावपटूच्या चरित्रावर आधारलेला चित्रपट येऊ घातला आहे. त्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण नाव आले की चर्चा कलाकारांच्या चाहत्यांकडे वळते आणि प्रश्न बाजूला राहतो. पुस्तक मी वाचले आहे, मला ते फार आवडले, त्यामुळे 'रूपांतरित पटकथा' या रकान्यात त्याला सर्वांत वर ठेवण्याचा मोह झाला. जुने निकाल चाळल्यावर मात्र हात आखडला.

लॉरा हिलनब्रँड यांच्या पुस्तकावरील 'सीबिस्किट'ला (२००३) ७ नामांकने होती आणि मायकेल लुईस यांच्या पुस्तकावरील 'मनीबॉल'ला (२०११) ६. दोन्हींत रूपांतरित पटकथेचे नामांकन होते आणि दोन्ही चित्रपट रिकाम्या हाताने परतले. 'मिलियन डॉलर बेबी'ने (२००४) सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ४ पुरस्कार घेतले, पण एफ. एक्स. टूल यांच्या कथांवरून केलेल्या पटकथेला मागे टाकून तो पुरस्कार 'साइडवेज'ने नेला. 'रेजिंग बुल' (१९८०) जेक लामोटा यांच्या आत्मकथनावरून आला, तरी त्याच्या ८ नामांकनांत पटकथा नव्हतीच. पुरस्कार मिळाले ते रॉबर्ट डी नीरो यांना अभिनयासाठी आणि थेल्मा शूनमेकर यांना संकलनासाठी.

असे का होत असावे, याबद्दल माझा एक तर्क आहे. 'मनीबॉल'मधला ओकलंड संघाचा २००२ सालचा सलग विसावा विजय आठवून पाहा. ११-० अशी आघाडी हातात असताना प्रतिस्पर्धी संघ ११-११ पर्यंत येतो आणि अखेरीस स्कॉट हॅटेबर्गचा फटका थेट कुंपणापलीकडे जातो. निकाल पुस्तकात छापलेला आहे, बेसबॉलच्या चाहत्यांना तर तो पाठच असतो, तरीही चेंडू हवेत असेपर्यंत आपण खुर्चीच्या कडेला सरकलेले असतो. त्या क्षणी प्रेक्षकाला संकलन आणि ध्वनी जाणवतात. शेकडो पानांच्या आकडेमोडीतून नेमका हाच सामना कळसाला ठेवायचा हे ठरवणाऱ्या पटकथाकाराचे कष्ट कुणाच्या लक्षात येत नाहीत. पटकथेची नामांकने लेखक-सदस्य ठरवतात, म्हणून ती मिळतात. अंतिम फेरीत सर्व शाखांचे सदस्य मत देतात आणि तिथे ते कष्ट दिसेनासे होतात.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या रकान्याची मला फारशी काळजी नाही. २०२१ च्या चित्रपटांपासून तिथे १० जागा ठरलेल्या आहेत आणि पसंतीक्रमाच्या मतदानात बहुतेकांना बऱ्यापैकी आवडणारा चित्रपट तग धरतो. क्रीडापट बहुधा त्याच जातीचे असतात.

एक शंका वर्गवारीबद्दलही आहे. 'चॅरियट्स ऑफ फायर'ने (१९८१) पटकथेचा पुरस्कार मिळवला, पण मूळ पटकथेच्या विभागात. 'किंग रिचर्ड'लाही (२०२१) नामांकन मिळाले ते त्याच विभागात. दोन्ही चित्रपट खऱ्या माणसांवरचे होते, पण एका विशिष्ट पुस्तकाचे रूपांतर नव्हते. आमच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत पुस्तकाचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा 'मूळ पटकथा' हा मार्ग त्याला बंद आहे असेच मी धरून चालतो. ते बरोबर आहे का?

ज्यांनी असे तक्ते अनेक वर्षे भरले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: पटकथेला फक्त नामांकनाच्या यादीत ठेवून विजयाचा अंदाज संकलनावर लावावा, की मुख्य अभिनेत्यावर? पुस्तकाचा जवळजवळ निम्मा भाग निवृत्तीनंतरच्या एकाकी वर्षांचा आहे. चित्रपटात तोही तितकाच आला, तर शर्यतींची दृश्ये कमी होतील आणि संकलनाचे पारडे हलके होऊन अभिनयाचे जड होईल, असे मला वाटते. शिवाय, मूळ लेखक आणि पटकथाकार या दोघांनाही मिळून दिला जाणारा स्क्रिप्टर पुरस्कार क्रीडापटांच्या बाबतीत कितपत भरवशाचा संकेत मानावा? नामांकने जाहीर होण्यापूर्वी मला तक्ता मंडळाकडे द्यायचा आहे आणि एकदा दिल्यावर त्यात खाडाखोड चालत नाही.